मानस, अच्छोद आणि यक्षाची वापी : संस्कृत काव्यातील पर्वतीय सरोवरांच्या ‘निसर्गा’चा पुनर्विचार

प्रास्ताविक

संस्कृत काव्यातील हिमालयवर्णन हा महाविद्यालयीन अध्यापनातील एक रुळलेला विषय आहे. ‘निसर्गवर्णन’ या शीर्षकाखाली त्याची टिपणे तयार होतात. पर्वत, नदी, अरण्य, ऋतू यांची त्यांत क्रमाने नोंद होते आणि सरोवराची पाळी आली की मानसाचे नाव, त्यातील सुवर्णकमळे व तेथे जाणारे हंस यांचा उल्लेख करून पुढील मुद्द्याकडे वळले जाते. पर्वतशिखरावरील जलाशय हा निसर्गाचाच भाग असणार, हे येथे इतके गृहीत धरलेले असते की त्याविषयी प्रश्न विचारण्याची आवश्यकताही भासत नाही.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न विचारला आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील मानस, बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील अच्छोद आणि ‘मेघदूता’तच अलकानगरीच्या वर्णनात येणारी यक्षगृहातील वापी या तीन जलाशयांचा येथे विचार केला आहे. तिन्हींचे स्थान कैलासाच्या परिसरात आहे; म्हणजेच तिन्ही उच्चस्थ पर्वतीय जलाशय आहेत. त्यांपैकी पहिले दोन नैसर्गिक व तिसरा कृत्रिम अशी विभागणी वाचक सहज करतो. ग्रंथांकडे नीट पाहिल्यास मात्र ही विभागणी टिकत नाही, आणि ती न टिकल्यामुळे ‘मेघदूता’तील एका महत्त्वाच्या स्थळाचा अर्थ बदलतो.

मनाने निर्मिलेले सरोवर

वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात विश्वामित्रांबरोबर जाणारे राम-लक्ष्मण गंगा व सरयू यांच्या संगमापाशी येतात. पाण्याचा मोठा घोष ऐकून राम त्याचे कारण विचारतो. त्यावर विश्वामित्र सांगतात की, कैलास पर्वतावर ब्रह्मदेवाने मनाने एक सरोवर निर्माण केले, म्हणून त्याला मानस म्हणतात, आणि त्या सरोवरातून निघाली म्हणून ही सरयू. ही व्युत्पत्ती सर्वपरिचित आहे. परंतु ती जेवढी परिचित आहे तेवढी विचारात घेतली जात नाही. ‘मानस’ या नावातच निर्मितीची कथा आहे. भारतीय परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध पर्वतीय सरोवर कोणीतरी केलेले आहे, आणि ते ज्या साधनाने केले ते साधन त्याच्या नावात उरले आहे.

कालिदासाला ही कथा ज्ञात होती, याविषयी शंका नाही. ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात लंकेहून पुष्पक विमानाने परतणारा राम सीतेला सरयू दाखवतो, तेव्हा तो तिचा उगम ‘ब्राह्म’ सरोवरात असल्याचे आप्तवचनाच्या आधारे सांगतो. त्या सरोवरातील सुवर्णकमळांचा पराग यक्षस्त्रियांच्या वक्षःस्थळाला लागलेला असतो, हा तपशीलही तेथे येतो. यानंतर कवी जी उपमा देतो ती अधिक लक्षणीय आहे. अव्यक्त जसे बुद्धीचे कारण, तसे हे सरोवर सरयूचे कारण, असे तो म्हणतो. उपमा सांख्यदर्शनातील आहे. सांख्यांचे अव्यक्त म्हणजे मूळ प्रकृती, आणि ती कोणाचेही कार्य नाही. तिला कर्ता नाही. म्हणजे एकाच श्लोकात सरोवराला ब्रह्मदेवाचे नाव दिले आहे आणि त्याच सरोवराची तुलना कर्ता नसलेल्या मूलतत्त्वाशी केली आहे. हा कवीचा अनवधानाने झालेला विसंवाद मानण्यापेक्षा ‘निर्मित’ व ‘स्वयंसिद्ध’ यांमधील सीमारेषा त्याच्या दृष्टीने फारशी कठोर नव्हती, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गातील कल्पनाही याच संदर्भात पाहता येईल. हिमालयाची शिखरे एवढी उंच की सूर्य त्यांच्या खालून फिरतो, आणि शिखरावरील सरोवरांतील कमळे तो आपल्या वर वळलेल्या किरणांनी फुलवतो. अध्यापनात या श्लोकातील अतिशयोक्तीचे कौतुक होते व ते योग्यच आहे. परंतु सूर्य जी कमळे फुलवतो ती सप्तर्षींनी खुडून घेतल्यावर मागे उरलेली आहेत, याकडे सहसा लक्ष वेधले जात नाही. सूर्यापेक्षाही उंच असलेल्या त्या पाण्यावर नित्य पूजेसाठी फुले नेणारे हात आधीच येऊन गेलेले आहेत. एवढ्या उंचीवरही कवीने निर्जन सरोवर कल्पिलेले नाही.

कविसमय आणि प्रत्यक्ष भूगोल

येथे भूगोलाची थोडी मदत घेणे अप्रस्तुत ठरणार नाही. मानसरोवर सुमारे ४,५९० मीटर उंचीवर असून त्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. स्वेन हेडिन या स्वीडिश प्रवाशाने १९०७ साली त्याची खोली मोजली, ती सुमारे ८० मीटर भरली. हिवाळ्यात हे सरोवर गोठते. त्याच्या पश्चिमेस, मध्ये केवळ एक अरुंद भूपट्टी ठेवून, राक्षसताल पसरलेले आहे. दोन्ही सरोवरांना जोडणारा गंगाछू नावाचा प्रवाह आहे. मानसाचे पाणी गोडे, तर राक्षसतालाचे खारट. एकमेकांना खेटून असलेल्या या दोन सरोवरांपैकी ‘मेघदूत’ एकाचेच नाव घेते. वस्तुनिष्ठ स्थलवर्णन हा कवीचा हेतू असता तर असे घडणे अवघड होते.

कालिदासाला हिमाचा अनुभव नव्हता असे म्हणता येत नाही. ‘कुमारसंभवा’त गोठून दगडासारख्या झालेल्या बर्फाच्या वाटेवर चालणाऱ्या किन्नरस्त्रियांच्या बोटांना व टाचांना होणारी वेदना त्याने नोंदवली आहे. मात्र हे बर्फ त्याने वाटेवर ठेवले. सरोवरावर येऊ दिले नाही. तेथे त्याने कमळे ठेवली, तीही सोन्याची. साडेचार हजार मीटरांवरील, हिवाळ्यात गोठणाऱ्या पाण्यात कमळ उगवत नाही. अलंकारशास्त्राने अशा गोष्टींची सोय फार पूर्वीच लावून ठेवली आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयांची चर्चा करताना, प्रत्यक्षात नसलेल्या परंतु काव्यात वर्णिल्या जाणाऱ्या गोष्टींत नदीतील कमळे, कोणत्याही जलाशयावरील हंस आणि कोणत्याही पर्वतावरील सुवर्ण व रत्ने यांचा समावेश केला आहे. पावसाळा आला की हंस मानसाकडे जातात, हा संकेत विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त नोंदलेला आहे.

तथापि सर्व काही ‘कविसमय’ या एका शब्दात गुंडाळून ठेवणे हाही एक सोयीस्कर मार्गच आहे. हंसांच्या बाबतीत तर तो पुरेसा नाही. संस्कृतातील ‘हंस’ म्हणजे मुख्यतः वन्य बदक-हंसकुलातील, विशेषतः डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पक्षी होय, असे प्रतिपादन जे. पी. एच. फोगल यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले. मराठीत या पक्ष्याला पट्टकादंब म्हणतात. तो तिबेटच्या पठारावरील सरोवरांकाठी उन्हाळ्यात वीण करतो आणि हिवाळा भारतात काढतो. हिमालय ओलांडताना त्याने ७,००० मीटरांहून अधिक उंची गाठल्याच्या नोंदी उपग्रहाधारित अभ्यासांत झाल्या आहेत. म्हणजे हंस उत्तरेकडील उंच सरोवरांकडे जातात, हे कवीचे म्हणणे दिशेच्या बाबतीत खरे आहे. चूक आहे ती वेळेची: हे पक्षी आषाढातल्या मेघाची वाट पाहत थांबत नाहीत, उन्हाळा चढू लागताच निघून जातात.

महाराष्ट्रातील वाचकासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. पैठणजवळ गोदावरीवर १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी प्रकल्पाच्या जलाशयावर, म्हणजे नाथसागरावर, हिवाळ्यात पट्टकादंब उतरतात. तिबेटातील एका उंच, नैसर्गिक सरोवरावर जन्मलेला पक्षी मराठवाड्यातील मानवनिर्मित पाण्यावर वर्षाचे काही महिने घालवतो. त्याच्या दृष्टीने ही दोन्ही पाणीच आहेत. हा भेद पक्षी पाळत नाही. तो वाचक पाळतो, आणि कवितेवर लादतो.

मेघाची वाटही या दृष्टीने पाहावी. हंस ज्या खिंडीतून मानसाकडे जातात त्या क्रौंचरंध्राला कवी हंसद्वार म्हणतो, आणि ती खिंड परशुरामाच्या बाणाने पडलेली आहे, हेही सांगतो. सरोवर ब्रह्मदेवाने केलेले, त्याकडे जाणारे द्वार भार्गवाने पाडलेले. अशा प्रदेशाला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणणे कितपत युक्त आहे?

अच्छोद : खोदलेले पाणी

बाणभट्टाचे अच्छोद या चर्चेच्या केंद्रस्थानी आहे. मराठी भाषेने एका संपूर्ण साहित्यप्रकाराला ज्या ग्रंथाचे नाव दिले, त्या ग्रंथातील हे मध्यवर्ती स्थळ. तरीही कादंबरी या प्रकाराचा अभ्यास करणारे अभ्यासक बाणाच्या ‘कादंबरी’कडे बहुधा नावाच्या उगमापुरतेच वळतात.

दिग्विजयासाठी निघालेला राजपुत्र चंद्रापीड किन्नरमिथुनाच्या मागे घोडा घालतो, सैन्यापासून दूर जातो आणि वाट चुकतो. तहानलेल्या अवस्थेत पाणी शोधताना त्याला स्नान करून परतलेल्या हत्तींच्या वाटेवरील ओला चिखल दिसतो. त्या खुणांवरून तो अच्छोदापाशी पोहोचतो. ‘अच्छ’ म्हणजे स्वच्छ आणि ‘उद’ म्हणजे पाणी. यानंतरचे सरोवराचे दीर्घ वर्णन हे बाणाच्या गद्यशैलीचे उत्कृष्ट उदाहरण म्हणून निवडले जाते. त्यातील उत्प्रेक्षांचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रारंभी अच्छोद हा त्रैलोक्यलक्ष्मीचा रत्नदर्पण, पृथ्वीदेवीचे स्फटिकाचे भूमिगृह, असे म्हटले आहे. आरसा आणि तळघर या दोन्ही घडवलेल्या वस्तू आहेत. त्यानंतर कल्पना पालटते: कैलासच जणू द्रवला आहे, हिमालय विरघळला आहे, चांदण्याचा रस झाला आहे, शंकराचे अट्टहास्य पाणी होऊन राहिले आहे. वर्णनाला आरंभ घडवलेल्या वस्तूंनी होतो आणि मग ते वितळणाऱ्या पर्वताकडे जाते.

चंद्रापीडाबरोबर वाचकही हे सरोवर प्रथमच पाहत असल्यामुळे त्याला ते स्वयंभू वाटते. हे वाटणे बाणाने हेतुतः निर्माण केलेले आहे. कारण पुढे काठावरील शिवमंदिरात वीणा वाजवणाऱ्या महाश्वेतेची भेट होते, ती आपल्या कुळाची हकिगत सांगू लागते आणि ओघात सांगून जाते की, चित्ररथ गंधर्वाने चैत्ररथ नावाचे हे वन निर्माण केले, अच्छोद नावाचे हे विशाल सरोवर खोदविले आणि या भगवान शंकराची स्थापना केली. मूळ ग्रंथातील क्रियापद ‘खणणे’ या धातूपासून आलेले आहे. त्याच्या अर्थाविषयी संदिग्धता नाही. वितळलेला कैलास म्हणून जे पाहिले ते एका गंधर्वाने खोदलेले तळे होते, आणि हा गंधर्व कथानायिका कादंबरीचा पिता आहे.

एवढी महत्त्वाची माहिती बाणाने एका वाक्यात, वंशकथनाच्या गर्दीत दिली आहे. ती वाचकाच्या नजरेतून निसटली तर दोष सर्वस्वी वाचकाचा म्हणता येणार नाही. परंतु त्या वाक्याची रचना पाहता ती सहज लिहिली गेलेली नाही. धर्मशास्त्रात यज्ञादी कर्मांना ‘इष्ट’ व लोकोपयोगी बांधकामांना ‘पूर्त’ म्हणतात. विहिरी व तळी खोदणे, देवालये बांधणे, उपवने लावणे ही पूर्तकर्मे होत. बाणाच्या वाक्यात वन, सरोवर व देव या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणजे कैलासाच्या परिसरातील या दिव्य प्रदेशाची घडण एखाद्या दानशूर राजाने आपल्या गावाजवळ तळे, मंदिर व आमराई करावी, त्याच नमुन्यावर झालेली आहे. ज्या स्थळाला टिपणांत ‘अलौकिक निसर्ग’ म्हटले जाते, तेथे बाणाने अत्यंत लौकिक अशी सार्वजनिक कामांची यादी ठेवली आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. पुराणकथांत सर्वच गोष्टी कोणीतरी निर्माण केलेल्या असतात. मत्स्यपुराणातही अच्छोद सरोवर पितरांनी निर्मिल्याचे म्हटले आहे. तेव्हा ‘निर्मित’ असण्याला एवढे महत्त्व का द्यावे? आक्षेप दुर्लक्षणीय नाही. परंतु त्याचे उत्तर त्याच संदर्भात आहे. पुराणाने पितरांना दिलेले कर्तृत्व बाणाने काढून घेतले, ते कथेतील एका पात्राकडे दिले, आणि निर्मितीच्या सामान्य क्रियापदाऐवजी खणण्याचे क्रियापद वापरले. परंपरेने दिलेले सरोवर तसेच ठेवण्याची मोकळीक असताना त्याने त्यात फावडे घातले. हा बदल अर्थपूर्ण मानल्यावाचून गत्यंतर नाही.

या खोदलेल्या पाण्याच्या काठावर पुढे जे घडते ते सर्वश्रुत आहे. महाश्वेतेला पुंडरीक येथेच भेटतो व येथेच प्राण सोडतो. बाणाच्या पुत्राने पूर्ण केलेल्या उत्तरभागात पत्रलेखा इंद्रायुध घोड्यासह याच पाण्यात उडी घेते आणि पाण्यातून शापमुक्त कपिंजल बाहेर येतो. परंतु प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाचा प्रसंग वैशंपायनाचा आहे. चंद्रापीडाचा हा मित्र सैन्य परत नेण्यापूर्वी अच्छोद पाहण्यास म्हणून जातो आणि मग तेथून हलण्यास नकार देतो. काहीतरी हरवल्याप्रमाणे तो काठावर हिंडत राहतो. काय हरवले ते त्याला सांगता येत नाही, कारण ते मागच्या जन्मातले आहे. तो पूर्वजन्मीचा पुंडरीक आहे. सोबत्यांच्या विनवण्या व्यर्थ ठरतात. सैन्य निघून जाते, तो राहतो. कोणीतरी मुद्दाम केलेले पाणी येणाऱ्याला धरून ठेवते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. तिचे दुसरे रूप यक्षाच्या घरी पाहावयाचे आहे.

नैसर्गिक आणि कृत्रिम : एक अवघड सीमारेषा

ही चर्चा केवळ प्राचीन ग्रंथांपुरती आहे, असा समज होऊ नये. पर्वतीय जलाशयांविषयीच्या लोकसमजुतींत आजही हीच गुंतागुंत दिसते. भूशास्त्राच्या दृष्टीने नैनिताल हे नैसर्गिक सरोवर आहे. स्कंदपुराणाच्या मानसखंडाशी जोडली जाणारी कथा मात्र सांगते की अत्री, पुलस्त्य व पुलह या तीन ऋषींना येथे पाणी मिळेना, तेव्हा त्यांनी खड्डा खणला व त्यात मानसाचे पाणी आणले. म्हणून हे त्रिऋषिसरोवर. नैसर्गिक सरोवराला परंपरेने खोदलेले ठरवले आहे. याउलट उटकमंडचे तळे १८२० च्या दशकात जॉन सलिव्हन या अधिकाऱ्याने करविले, कोडाईकनालचे तळे १८६३ साली व्हेअर लेव्हिंज याने, आणि महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ साली साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी. या तिन्ही ठिकाणी नौकेत बसलेला पर्यटक स्वतःला ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ समजतो. त्याला हसण्याचे कारण नाही. चंद्रापीडाचेही तेच झाले होते.

अलीकडच्या काळात ही सीमारेषा अधिकच पुसट झाली आहे, आणि ती काव्यमय रीतीने नव्हे. उत्तर सिक्कीममध्ये सुमारे ५,२०० मीटर उंचीवर असलेले दक्षिण ल्होनक सरोवर हिमनदीच्या मागे हटण्यातून गेल्या काही दशकांत वाढत गेले. हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीचा बांध एवढाच त्याला आधार होता. त्याची पातळी कमी करण्यासाठी २०१६ साली तेथे नळ टाकून पाणी उपसण्याचा प्रयत्न करण्यात आला. ३ व ४ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यानच्या रात्री सरोवराच्या बाजूचा दगडमातीचा उतार कोसळून पाण्यात आला, सरोवर फुटले आणि त्या लोंढ्याने खाली चुंगथांग येथील तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. अनेकांचे प्राण गेले. वरचे पाणी नैसर्गिक व खालचे कृत्रिम असे वर्गीकरण करता येईल. परंतु ज्या तापमानवाढीने वरचे सरोवर फुगले तिच्यात मानवी व्यवहाराचा वाटा आहे, हे लक्षात घेतल्यावर त्या सरोवराला कोणत्या रकान्यात घालावे? विरघळलेला हिमालय ही बाणाची उत्प्रेक्षा होती. आज ते हिमनदीतज्ज्ञांच्या अहवालातील साधे विधान आहे.

यक्षाची वापी

आता ‘मेघदूता’कडे परत येता येईल. या काव्याची सुरुवात पर्वतावरील पाण्यानेच होते. शापित यक्ष ज्या रामगिरीवर राहतो तेथील जलाशय सीतेच्या स्नानाने पवित्र झालेले आहेत. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, या मताचे सविस्तर प्रतिपादन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले आहे. पतीबरोबर वनवासात आलेल्या स्त्रीने ज्या पाण्यात स्नान केले, त्या पाण्याकाठी पत्नीपासून तुटलेला पुरुष बसला आहे. पहिल्याच श्लोकात साधलेला हा विरोध पुढील सर्व पाण्यांना व्यापून राहतो.

मानसाचा उल्लेख काव्यात तीन वेळा येतो. प्रथम, मेघाची गर्जना ऐकून मानसासाठी उत्सुक झालेले राजहंस चोचीत कमलनालांची शिदोरी घेऊन कैलासापर्यंत मेघाला सोबत करतील, असे यक्ष सांगतो. दुसऱ्यांदा, कैलासावर पोहोचलेल्या मेघाने सुवर्णकमळे उपजवणारे मानसाचे पाणी प्यावे, असे तो सुचवतो. या दोन्ही उल्लेखांत मानसाविषयी फारसे काही सांगितलेले नाही. ते गंतव्यस्थान आहे आणि पेय आहे. त्याचे वर्णन नाही. कालिदासाने संपूर्ण ‘मेघदूता’त मानसासाठी एक पूर्ण श्लोकही खर्च केलेला नाही, ही गोष्ट निसर्गवर्णनाच्या टिपणांत कोठेतरी नोंदवली जावयास हवी.

तिसरा उल्लेख यक्षाच्या घराच्या वर्णनात येतो. तेथे एक वापी आहे. तिच्या पायऱ्या पाचूच्या शिळांच्या आहेत, वैडूर्याचे देठ असलेल्या सुवर्णकमळांनी ती भरलेली आहे, आणि तिच्या पाण्यात राहणारे हंस मेघाला पाहूनही जवळच असलेल्या मानसाचा विचार करणार नाहीत, कारण त्यांचे दुःख गेलेले आहे.

‘वापी’ या शब्दाचा अर्थ सैलपणे ‘सरोवर’ असा सांगितला तर या श्लोकाचे मर्म हरवते. वापी म्हणजे पायऱ्या असलेला, बांधलेला जलाशय. मराठीतील ‘बाव’ हा शब्द त्याच मुळाचा. मराठवाड्यातील वाचकाला ‘बारव’ म्हटले की जे डोळ्यांपुढे येते ते चित्र येथे अधिक जवळचे आहे. सुवर्णकमळे मानसात आहेत तशीच येथेही आहेत. मात्र येथे त्यांना रत्नांचे देठ आहेत, आणि पायऱ्या आहेत. मानसाची प्रतिकृती घराच्या आवारात केलेली आहे, आणि मूळ सरोवर अगदी जवळ असताना केलेली आहे. हंसांचे दुःख कोणते, याचे उत्तर टीकापरंपरा पावसाळ्यातील गढूळ पाण्यात शोधते: इतरत्र पाणी गढूळते म्हणून हंस निघतात, वापीचे पाणी गढूळत नाही म्हणून राहतात. हे स्पष्टीकरण बरोबर आहे, पण अपुरे आहे.

काव्याच्या प्रारंभी मेघ म्हणजे निघण्याची खूण होती. मेघ दिसला की हंस उडतात, प्रवासी घराकडे वळतात, प्रोषितभर्तृका आशेने पाहू लागतात. साऱ्या काव्यात या खुणेला अपवाद असलेले एकच ठिकाण आहे, आणि ते यक्षाने स्वतःच्या दाराशी ठेवले आहे. त्या पाण्यावरून कोणी जात नाही. ज्या घरात असे पाणी आहे, त्या घराच्या मालकाला मात्र वर्षभरासाठी बाहेर जावे लागले आहे. येथील वैभवाचे वर्णन अलकेच्या ऐश्वर्याची साक्ष म्हणून वाचले जाते. परंतु सांगणारा कोण आहे, कोठून सांगतो आहे, हे ध्यानात घेतले तर पाचूच्या पायऱ्यांचा झगमगाट वेगळा दिसू लागतो. मनाने निर्मिलेले सरोवर ब्रह्मदेवाचे, हे रामायण सांगते. रामगिरीवर बसून यक्ष जी वापी मेघापुढे उभी करतो, तीही त्या क्षणी मनाचीच आहे.

लगेच पुढच्या श्लोकात त्या वापीच्या काठावरील क्रीडाशैल येतो: इंद्रनीलाचे शिखर असलेला, सोनेरी केळींनी वेढलेला, म्हणजे पुन्हा घडवलेलाच पर्वत. तो पत्नीचा आवडता आहे. यक्ष म्हणतो की कडेने वीज चमकणाऱ्या तुला पाहिले की व्याकूळ मनाने मला तोच आठवतो. दोन्ही श्लोकांत पाहण्याचे क्रियारूप एकच आहे, ‘प्रेक्ष्य’. वापीवरचे हंस मेघाला पाहतात आणि त्यांना जवळचे मानस आठवत नाही. यक्ष त्याच मेघाला पाहतो आणि त्याला दूरच्या वापीकाठचा तो लहानसा कृत्रिम डोंगर आठवतो. वैशंपायनाला अच्छोदाच्या काठी काय हरवले ते सांगता आले नव्हते. यक्षाला सर्व काही, शिखराच्या रत्नापासून केळीच्या रंगापर्यंत, तपशीलवार सांगता येते, आणि शापाचे चार महिने अजून उरलेले आहेत.